नोंदवहीत ८५ टक्के, धनगरवाड्यावर ७

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ भागातले एक उपआरोग्य केंद्र. लोकसंख्या ३,०००, वाडे पाच. एक एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), एक पुरुष बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, आणि केंद्राला 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाल्यावर रुजू झालेली एक सामुदायिक आरोग्य अधिकारी. वर्षअखेरच्या अहवालात तिशीपुढच्या लोकांची असंसर्गजन्य आजारांसाठीची तपासणी ८५ टक्के झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी धनगरवाड्यावरच्या ५२ वर्षांच्या एका बाईला अर्धांगाचा झटका आला आणि तिला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात न्यावे लागले. तिचा रक्तदाब त्याआधी कोणी एकदाही मोजला नव्हता.

हे केंद्र प्रशिक्षणासाठी कल्पिलेले आहे. त्यातली माणसे, वाडे आणि मोजदाद उदाहरणाची आहे. तपासणीचे नियम, मोजमापाच्या मर्यादा आणि गोव्याची परिस्थिती मात्र खरी आहे. प्रश्न एवढाच की ८५ टक्के हा आकडा आणि ती बाई एकाच नोंदवहीत कशी बसतात.

आकडा कसा तयार झाला

३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातली साखर आणि तोंड तपासायचे, तसेच स्त्रियांचे स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचे, असा देशव्यापी कार्यक्रम आहे. त्याच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत एकूण लोकसंख्येच्या ३७ टक्के लोक तिशीपुढचे धरले आहेत. ३,००० चे ३७ टक्के म्हणजे १,११०. नोंदवहीत वर्षभरात ९४० नोंदी होत्या, म्हणून ८५ टक्के.

पण गोव्याची लोकसंख्या देशाच्या मानाने वयस्क आहे. जन्मदर बराच आधी घटला आणि माणसे जास्त जगतात, त्यामुळे इथे ३७ टक्के हा हिशेब चालत नाही. मतदार यादी आणि अंगणवाडीचे कुटुंब सर्वेक्षण समोरासमोर ठेवून घरे मोजली तेव्हा तिशीपुढचे लोक १,५०० निघाले. नोंदी तपासल्यावर १७० जण दोनदा आलेले दिसले, एकदा चवथीआधीच्या शिबिरात आणि एकदा जत्रेतल्या. आणखी ९० जण शेजारच्या उपकेंद्राच्या हद्दीतले होते. बाजारासाठी आले आणि तपासून गेले. राहिले ६८०, म्हणजे १,५०० पैकी ४५ टक्के.

हे आकडे वाड्यांप्रमाणे मांडले की खरे चित्र समोर येते. बसथांब्याजवळच्या मुख्य वाड्यावर ६२० पैकी ४३० जणांची तपासणी झाली होती, ६९ टक्के. देऊळवाड्यावर ४०० पैकी १८०, ४५ टक्के. कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) पलीकडच्या वाड्यावर २३० पैकी ५०, २२ टक्के. काजू कारखान्यामागच्या कामगार वस्तीत १६० पैकी १४, ९ टक्के. धनगरवाड्यावर ९० पैकी ६, ७ टक्के. स्त्री-पुरुषांमधली तफावतही मोठी होती: ७६० स्त्रियांपैकी ४७० तपासल्या गेल्या, ७४० पुरुषांपैकी फक्त २१०.

यात कोणी खोटी नोंद केलेली नाही. जो आला त्याला तपासले आणि जो तपासला त्याला लिहिले, एवढेच झाले. जे आले नाहीत त्यांची यादीच नव्हती, म्हणून ते न आल्याचे कोणाच्या लक्षात यायचे कारण नव्हते.

यादी नसण्यामागे गोव्याची एक खास अडचण आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाची सगळी मांडणी आशा कार्यकर्तीवर उभी आहे. तिने घरोघर जाऊन वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातला आजार यांचा जोखीम तक्ता भरायचा आणि लोकांना तपासणीला आणायचे. देशभर आशा असताना गोव्यात मात्र ही व्यवस्था उभी राहिली नाही. लहान राज्य, बरे रस्ते, जवळजवळ केंद्रे, म्हणून गरज भासली नसेल. पण मार्गदर्शिका जशीच्या तशी लागू झाली आणि तिच्यातले घरोघर जाण्याचे काम कोणाच्याच वाट्याला नेमके आले नाही. अंगणवाडी सेविकेवर ते अर्धवट टाकले जाते, आणि तिची यादी गरोदर बाया आणि सहा वर्षांखालच्या मुलांची असते. पन्नाशीचा काजू कामगार त्या यादीत सापडत नाही.

गोव्यात हे चालवून घेण्यासारखे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले. देशात ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के. तपासणीतून सुटलेल्या दर चार प्रौढांत एकाला साखर असण्याचीच शक्यता धरून चालावे लागते.

लोक का आले नाहीत

शिबिर सकाळी साडेनऊ ते साडेबारा. धनगरवाड्यावरून मुख्य वाड्यापर्यंत पाऊण तासाची पायवाट आहे, त्यापुढे कदंबची बस. सकाळच्या बसने आले तर परतीची दुपारी. म्हणजे म्हशी कोणी सोडायच्या? कामगार वस्तीतल्या बाईला तीन तास म्हणजे अर्धा रोज. शिवाय निरोप गेला होता 'उपाशी पोटी या', आणि पहाटेपासून राबणारे माणूस साडेदहापर्यंत उपाशी थांबत नाही. या अटीची गरजही नव्हती. पहिली तपासणी कधीही केलेल्या साखरेवर चालते. ती १४० किंवा जास्त आली तरच पुढे उपाशीपोटीची करायची.

कामगार वस्तीत आणखी एक भीती असते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डाला गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते, आणि गोव्याबाहेरच्यांना सरकारी इस्पितळात काही उपचारांसाठी शुल्क भरावे लागते, हे वस्तीला ठाऊक आहे. त्यावरून लोक समजतात की आपल्याला काहीच फुकट नाही. प्राथमिक केंद्रातली ही तपासणी कोणालाही फुकट आहे, पण हे कोणी कन्नडमध्ये किंवा हिंदीत वस्तीत जाऊन सांगितलेले नसते. त्यात कार्यक्रमाच्या पोर्टलवर नोंद करताना मोबाईल आणि ओटीपी मागितला गेला की ज्याचा फोन मुकादमाच्या नावावर आहे तो उठून जातो. म्हणून आधी कागदी नोंदवही भरायची आणि पोर्टल संध्याकाळी. ओटीपीसाठी माणूस परत पाठवणे हा या कामातला सर्वांत टाळता येण्यासारखा अन्याय आहे.

दुसरी गळती

तपासणी झाली म्हणजे काम झाले असे धरण्यातली चूक रक्तदाबाच्या आकड्यांत दिसते. ६८० पैकी १९० जणांचा पहिल्या वेळी १४०/९० किंवा जास्त आला. एका दिवसाच्या मोजणीवर उच्च रक्तदाब ठरवायचा नसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते. मुख्य वाडा आणि देऊळवाड्यावरच्या १६९ पैकी १२३ जण दुसऱ्या मोजणीला आले. दूरच्या तीन वाड्यांतल्या २१ पैकी फक्त ५ आले, आणि गोळ्या सुरू झाल्या त्या दोघांना.

विषमता अशी पायरीपायरीने वाढते. आधी त्यांच्यातले थोडेच तपासले गेले, त्यातले थोडेच पुन्हा मोजले गेले, त्यातलेही थोडेच औषधावर आले. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीचे निकष मांडले तेव्हाच निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असणे ही अट घातली होती. ती सोय राज्यात कुठेतरी असून भागत नाही. त्या माणसाला त्याच्या वाड्यावरून ती गाठता आली पाहिजे. 'तुमचा प्रेशर जास्त आहे, वाळपईच्या इस्पितळात जा' असे सांगून सोडले तर पदरात पडतो फक्त घोर.

शेवटच्या वाड्यापासून सुरुवात

उपाय म्हणून सुचते ते जास्त शिबिरे घेणे. शिबिर वाढवले की मुख्य वाडा ६९ वरून ८५ वर जातो आणि धनगरवाडा ७ वरच राहतो. सरासरी सुधारते आणि दरी रुंदावते. करायचे ते उलट: सर्वांत कमी टक्क्यांच्या वाड्यापासून सुरू करायचे आणि तो निदान ६० टक्क्यांवर गेल्याशिवाय बसथांब्यावर शिबिर लावायचे नाही.

हे मनुष्यबळात बसते का, याचा हिशेब असा. दोन जणांच्या पथकाला एका बैठकीत, तीन तासांत, २२ माणसे नीट तपासता येतात. दूरच्या तीन वाड्यांत राहिलेले लोक १८०, १४६ आणि ८४, मिळून ४१०. म्हणजे १९ बैठका. आठवड्याला दोन धरल्या तर दहा आठवडे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम उरकते. पावसाळ्यात पायवाट चालत नाही आणि फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम असतो, तेव्हा दिवसा घरात माणूस भेटत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी हाच खरा काळ आहे, आणि तो बैठका, अहवाल आणि वेगवेगळे दिन पाळण्यात जाऊ न देणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम.

यादी बहुउद्देशीय कर्मचाऱ्याने करायची. तो हिवताप-डेंग्यूसाठी तसाही प्रत्येक घरी जातो. २०१५ पासून सत्तरीत माकडताप आल्यावर तर काजूच्या बागांतल्या मांगरापर्यंत (राखणीच्या खोपीपर्यंत) हे कर्मचारी पोहोचले आहेत. कुठल्या मांगरात कोण राहते हे त्यांना माहीत असते. त्यांच्या फेरीच्या वहीत चार रकाने वाढवले की पुरते: नाव, वय, शेवटची मोजणी, पुढची तारीख. प्रत्येक वाड्याला एकच कर्मचारी नेमलेला हवा. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हटली की शेवटचा वाडा कोणाचाच राहत नाही.

वेळ आणि जागा वाड्याच्या दिवसावर ठरवायची. धनगरवाड्यावरचे पुरुष सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सोसायटीवर येतात. तिथे संध्याकाळी साडेपाचला एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या तर जे पुरुष शिबिराला कधीच येत नाहीत ते समोर उभे असतात. बायकांसाठी वाड्यावरच अंगणवाडीत सकाळी साडेसहाला. ज्यांची उपाशीपोटीची साखर करायची आहे त्यांनाही हीच वेळ. कामगार वस्तीत पाळी सुटल्यावर, कारखान्याच्या आवाराबाहेर. आवारात केले तर आजार कळल्यावर कामावरून काढतील या धास्तीने लोक अंग चोरतात.

मोजणी चुकते ती अशी

पायवाट चढून आलेल्या माणसाचा लगेच मोजलेला रक्तदाब म्हणजे त्या चढावाचा रक्तदाब. पाच मिनिटे पाठ टेकून बसवायचे, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली नसावी, लघवी तुंबलेली नसावी. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि सरासरी लिहायची. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा ८० टक्के भाग व्यापणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा उगाच वाढतो, म्हणून सामानात मोठा पट्टा हवाच. १८०/११० किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचे.

साखरेच्या मोजणीत गोव्यातली एक चूक हमखास होते. काजूच्या हंगामात बोंडूचा रस बोटांवर असतो, मे महिन्यात फणसाचा. त्या बोटावरचा थेंब घेतला तर यंत्र दोनशे-अडीचशे दाखवू शकते. स्पिरिटचा बोळा फिरवणे पुरत नाही. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, बोटाच्या कडेला टोचायचे, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडल्यावर तिच्यावर तारीख टाकायची आणि झाकण लगेच लावायचे. आपल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्यांवर विश्वास ठेवता येत नाही. ४१० माणसांसाठी पुन्हा कराव्या लागणाऱ्या आणि वाया जाणाऱ्या धरून ५०० पट्ट्या लागतात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आले तर ते पक्के करण्यासाठी रक्त प्रयोगशाळेत पाठवायचे. यंत्र चाळणीसाठी आहे, निदानासाठी नाही.

तोंडाची तपासणी दोन मिनिटांची, पण उजेडाशिवाय तिला अर्थ नाही. कवळी काढायला लावायची, गालाचा आतला भाग, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू पाहायचा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांहून जुनी जखम किंवा तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यातले काहीही दिसले तर दंतवैद्याकडे पाठवायचे. बायांना 'तंबाखू खाता का' विचारले की उत्तर 'नाही' येते. 'मशेरी लावता का' असे वेगळे विचारावे लागते.

गर्भाशयमुखाची तपासणी: सर्वांत मोठी दरी

देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. तपासणीचा उपयोग मात्र आपल्या शेजारीच सिद्ध झालेला आहे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्य सेविकांकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करवली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या) चाचणीने ते जवळपास निम्म्यावर आले. दोन्ही ठिकाणच्या स्त्रिया गरीबच होत्या, आणि सेवा त्यांच्या गावा-वस्तीत गेली होती.

व्हिनेगरच्या तपासणीची पद्धत साधी आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल ५ मिली आणि डिस्टिल्ड पाणी ९५ मिली, असे ५ टक्क्यांचे द्रावण त्याच दिवशी करायचे. कालचे वापरले तर रंग नीट उठत नाही. गर्भाशयमुखावर लावून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून थांबायचे, आणि चांगल्या दिव्यात पाहायचे. गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात त्या सांध्याला लागून दाट, ठळक कडांचा पांढरा डाग उठला तर तपासणी सकारात्मक. पाळी गेलेल्या स्त्रीत हा सांधा आत सरकतो, त्यामुळे 'डाग नाही' या उत्तरावर तिथे भरवसा ठेवता येत नाही. तिच्यासाठी एचपीव्ही चाचणी किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ.

या केंद्रात ही तपासणी जवळपास झालीच नव्हती, आणि पहिले कारण अवजारांचे होते. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरायचे अवजार) चार. प्रत्येक वापरानंतर १० मिनिटे ०.५ टक्के क्लोरिनमध्ये, म्हणजे एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, मग घासून धुणे, मग २० मिनिटे उकळणे. चार बायका झाल्या की पाऊण तास काम थांबते. पाचवी ते दहावी बाई बाकावर बसून निघून जाते, आणि अहवालात तिला 'नकार' म्हणून लिहिले जाते. एका बैठकीला १५ स्पेक्युलम निर्जंतुक करून डब्यात नेले तर ही अडचण संपते. खर्च फार नाही. मागणीपत्रात हा आकडा लिहिलेलाच नव्हता.

दुसरे कारण खोलीचे. दार थेट ओसरीवर उघडते, आणि ओसरीवर पुरुष लस टोचायला कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन बसलेले. त्या दिवशी इतर बाह्यरुग्ण काम बंद हवे, दाराला आतून कडी हवी आणि पडदा हवा. तिसरे कारण जरा नाजूक आहे. एएनएम गावातलीच. तिला सगळे ओळखतात म्हणूनच तिच्यासमोर कपडे सोडायला बायका धजत नाहीत. शेजारच्या उपकेंद्राच्या एएनएमशी या एका दिवसापुरती अदलाबदल केली तर बऱ्याच बायका तयार होतात. कोणाकडून तपासून घ्यायचे हे बाईला आधी विचारावे.

स्तनांच्या तपासणीलाही हीच खोली आणि हाच दिवस. तेवढ्यासाठी तिला दुसऱ्यांदा रोज बुडवायला लावू नये.

दुसरी मोजणी आणि गोळ्या वाड्यावरच

पहिल्या बैठकीनंतर आठवड्याभरात त्याच वाड्यावर त्याच वेळी अर्ध्या तासाची दुसरी बैठक घ्यायची, फक्त ज्यांचे आकडे जास्त आले त्यांच्यासाठी. ही बैठक आधी वहीत लिहायची आणि मगच पहिली घ्यायची. दुसरीला तारीख नसेल तर पहिली घेऊ नये, इतके हे पक्के हवे. ज्यांचे निदान झाले त्यांच्यासाठी महिन्यातून एक दिवस डॉक्टर वाड्यावर. सुरुवातीला बहुधा अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी असते. महिन्याने पुन्हा मोजून डॉक्टर मात्रा ठरवतात. रक्तदाब आटोक्यात आल्यावर एकदम ९० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. तीस गोळ्यांसाठी दर महिन्याला रोज बुडवावा लागला की तिसऱ्या महिन्यात औषध सुटते. मे अखेरीस पावसाळ्याचा साठा घरात पोहोचलेला असावा.

वाळपईला, म्हापशाच्या आझिलो इस्पितळात किंवा बांबोळीला पाठवायचे असेल तर चिठ्ठीवर वार, विभाग आणि खोली लिहायची, आणि त्या वारी तिथे तो विभाग चालू असल्याची फोनवर खात्री करून घ्यायची. वाळपईहून बांबोळी चाळीस-पन्नास किलोमीटर. बरोबर एक माणूस, दोघांचे भाडे, दोघांचा रोज. चुकीच्या वारी गेलेली बाई पुन्हा जात नाही. १४ दिवसांत ती पोहोचली का, हे वाड्याच्या कर्मचाऱ्याने घरी जाऊन विचारायचे.

तालुक्याच्या मासिक अहवालात सरासरीच्या शेजारी दोन रकाने घालावेत: सर्वांत पुढच्या वाड्याचा टक्का आणि सर्वांत मागच्याचा. या केंद्रात ते ६९ आणि ७ होते. त्यांतले अंतर कमी झाले नाही तर सरासरी कितीही वाढली तरी काम झाले असे धरू नये. पुढची पायरी म्हणजे हाच हिशेब 'रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचा' वाड्यांप्रमाणे करणे.

एक भाग मात्र उपकेंद्राच्या हातात पुरता नाही. कामगार वस्तीतले बरेच लोक जूनमध्ये गावी जातात, आणि परतताना कधी दुसऱ्याच तालुक्यात उतरतात. त्यांची नोंद त्यांच्याच हातात द्यावी लागते. एक छोटी पुस्तिका, तिच्यात मोजणीचे आकडे, औषधाचे नाव आणि मात्रा इंग्रजीत, सूचना त्यांच्या भाषेत. निघण्याआधीच्या आठवड्यात, मेच्या शेवटी, वस्तीत एक बैठक ठेवायची, दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, आणि गावाजवळच्या सरकारी केंद्राचे नाव त्यांच्याकडूनच विचारून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहायचे.